मावशीच्या मागची गाडी

फोटो पाहून दंतवैद्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू झाला.

फोटो त्याच्या बायकोच्या मावशीचा होता. मेव्हण्याने सकाळीच पाठवला होता. मावशी घरामागच्या अंगणात काठी टेकून उभी होती आणि फोटो काढू देऊन आपण जगावर उपकार करतोय असा तिचा चेहरा होता. या मावशीशी बायकोचं गेली अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बोलणं नसलं तरी जीव होता, कारण लहानपणी तिला वाढवलं होतं ते मावशीनेच.

"बघ ना, किती वाळलीय मावशी," बायको चहाचा कप खाली ठेवत म्हणाली.

दंतवैद्याने फोन हातात घेतला. फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला, इतका की मावशी पडद्यावरून पार बाहेर गेली. तिच्या खांद्यामागे एक पत्र्याची शेड होती. शेडमध्ये ताडपत्री होती. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने उचललं होतं, आणि त्या टोकाखाली एक टोकदार लाल दिवा आणि त्यावर उंच उठलेला पत्र्याचा पंख दिसत होता. एकोणसाठ सालची, मोठ्या आकाराची, अमेरिकन गाडी! डोळे आपोआप भरून आले.

"आपण जायला हवं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "याच रविवारी."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात नवऱ्याने तिच्या माहेरच्या माणसाकडे आपणहून जाऊ म्हटल्याची ही पहिलीच वेळ होती. तिने पदर-रुमाल काही न शोधता सरळ हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले.

आता या माणसाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर वाचकांना तो भला माणूस वाटेल.

दंतवैद्य एका मंडळाचा सभासद होता. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या लांबलचक अमेरिकन गाड्यांपैकी आज जगात कुठे कुठे किती शिल्लक आहेत, याचा शोध घेणं हे या मंडळाचं कार्य. सभासद देशात होते, परदेशात होते, आणि त्यांच्यापैकी एकाकडेही तसली गाडी नव्हती. खुद्द दंतवैद्य जी गाडी चालवायचा तीत बसल्यावर त्याचे गुडघे हनुवटीला लागत. पण मंडळाच्या लेखी दुनियेतली प्रत्येक लांब गाडी तीनपैकी एका वर्गात मोडत असे: हयात, मृत आणि बेपत्ता. सभासदाने गाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, दाराच्या बिजागरीपाशी ठोकलेला नंबर वाचून दाखवायचा, तोही मंडळाच्या प्रमुखासमोर, थेट व्हिडिओवर. मग तिचा इतिहास सांगायचा. पहिला मालक कोण, कुठे कुठे राहिली, आयुष्यात काय काय घडलं, सध्याचा ठावठिकाणा काय. एवढं झालं की गाडी हयात ठरायची. माणसांना हयातीचा दाखला याहून कमी त्रासात मिळतो.

दंतवैद्याला हे सगळे इतिहास तोंडपाठ होते. परदेशातल्या कुठल्या गाडीत कोंबड्या अंडी घालतात आणि कुठल्या गाडीच्या टपावर वेल चढवलाय, हे तो झोपेतही सांगू शकला असता. बायकोचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे हे मात्र त्याला माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं असं नाही. पण दंतवैद्याचा धंदाच असा, की प्रश्न विचारायची सवय लागते आणि उत्तर ऐकायची राहत नाही. समोरच्याचं तोंड उघडं असतं खरं, पण त्यात नळी, कापूस आणि आपलीच दोन बोटं असतात. त्यामुळे घरी कोणी काहीही सांगितलं तरी तो "हो का? छान," एवढंच म्हणायचा. या दोन शब्दांवर त्याचा संसार अकरा वर्षं सुरळीत चालला होता, निदान त्याची तशी समजूत होती.

मावशीचा राग नेमका यावरच होता. लग्नाआधी मुलगा बघून झाल्यावर ती भाचीला म्हणाली होती, "हा माणूस ऐकत नाही गं. नुसती मान डोलावतो. असल्याबरोबर आयुष्य काढणार तू?" त्यावर भाची म्हणाली होती, "तू त्याला ओळखत नाहीस." शब्दाने शब्द वाढला. लग्न झालं, बोलणं तुटलं. म्हणजे आता परिस्थिती अशी होती, की दंतवैद्य गाडीसाठी चाललाय हे कळलं असतं तर मावशी खरी ठरली असती आणि बायको अकरा वर्षं खोटी. दंतवैद्याला एवढं कळत होतं. तेव्हा गाडीचा ग काढायचा नाही, असं त्याने ठरवलं.

फक्त एकट्या कॅप्टनला सांगितलं.

कॅप्टन म्हणजे मंडळाचे प्रमुख. ते परदेशात, कुठल्याशा थंड गावात राहत. हयातभर बोटीच्या इंजिनखोलीत काम केलेलं, कप्तान एक दिवसही नव्हते. पण आवाज इंजिनावर मात करणारा असल्याने मंडळाने त्यांना बढती दिली होती.

"कॅप्टन, कोणाला बोलू नका," दंतवैद्य दवाखान्याचं दार लावून कुजबुजला. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता, पण त्याची मोजदाद नव्हती.

"माझ्या तोंडाला कुलूप!" कॅप्टन गरजले. "फक्त नोंदीपुरता पत्ता द्या."

तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर सगळ्या देशांतून अभिनंदन सुरू झालं. कॅप्टननी फोटो टाकला होता आणि खाली, नियमाप्रमाणे, पत्ताही. वकिलाने एवढंच लिहिलं होतं, "वा! योगायोगाने रविवारी मीही त्याच बाजूला आहे." वकील हा मंडळातला दुसरा उत्साही सभासद. दंतवैद्याने हेरलेल्या दोन गाड्या त्याने आधी पोचून स्वतःच्या नावावर लावल्या होत्या. दंतवैद्याच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्चीतला पेशंट हाताने खुणा करत होता, त्याच्याकडे बघून दंतवैद्य म्हणाला, "हो का? छान."

इकडे घरी निराळंच चाललं होतं. बायकोने आईला फोन केला, भावाला केला, दोन आत्यांना केला. नवऱ्याने समेट घडवून आणला, आपणहून, मावशीचा फोटो बघून रडला बिचारा! सासूबाईंनी फोन करून सांगितलं, "जावई नाही, देवमाणूस आहात." जो तो त्याचं कौतुक करायला लागला. शनिवारी संध्याकाळी बायको त्याच्या शर्टाला इस्त्री करता करता थांबली.

"मी तुला नीट ओळखलंच नव्हतं रे," ती म्हणाली.

दंतवैद्याला क्षणभर अपराधी वाटलं. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण यानंतर त्याच्या बाजूने लिहिण्याजोगं फारसं काही नाही.

रविवारी निघताना त्याने खिशात दात तपासायचा आरसा टाकला. बिजागरीपाशी डोकं शिरत नाही, तिथला नंबर वाचायला लांब दांड्याचा छोटा आरसा फार उपयोगी पडतो. बायकोने तो नेमका बघितला.

"आरसा कशाला?"

"हा? हा... मावशींचे दात बघून घेऊ म्हटलं. वय झालं आता त्यांचं."

बायकोचे डोळे पुन्हा भरून आले. वाटेत तिने तीनदा त्याच्या हातावर हात ठेवला. तिन्ही वेळा त्याला वाटलं की ती गाडी हळू चालव म्हणतेय, आणि वकील पुढे जाईल या धसक्याने त्याने वेग वाढवला.

मावशीने दार उघडलं. भाचीला तिने पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि तिचा गाल कुरवाळला. मग तिची नजर वळली.

"या जावईबापू. रस्ता सापडला म्हणायचा."

"मावशी, यानेच आणलं गं मला," बायको घाईघाईने म्हणाली. "आणि तुझे दात तपासायला आरसासुद्धा घेऊन आलाय."

"माझे दात?" मावशी म्हणाली. "सगळे खोटे आहेत. काढून देते, घेऊन जा घरी आणि तपास निवांत."

दंतवैद्य हसला. हसताना त्याची मान हळूहळू खिडकीकडे वळत होती. मावशीने त्याला खिडकीकडे पाठ येईल अशा खुर्चीत बसवलं. मग चहा आला, बिस्किटं आली, आणि मावशी बोलायला लागली. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात घसरली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं.

"चार महिने अंथरुणाला खिळले होते," ती म्हणाली.

"हो का? छान," दंतवैद्य म्हणाला.

बायकोने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. मावशीने भाचीकडे बघितलं, आणि भाचीने बिस्किटांच्या बशीकडे.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात हसतमुख वकील उभा होता, हातात मिठाईचा भला मोठा पुडा.

"नमस्कार मावशी. मी डॉक्टरांचा मित्र. इकडून चाललो होतो, म्हटलं तुमचं दर्शन घेऊन जावं. खिडकीतून ऐकू आलं, तुमचा पाय मोडला होता? आता कसा आहे? जिना चढता येतो का?"

एवढं बोलून तो मावशीच्या शेजारी बसला आणि ऐकायला लागला. वकिलाला ऐकण्याची सवय असते. अशील सगळं बोलून दमल्याशिवाय खरं सांगत नाही, हे त्याला धंद्याने शिकवलेलं. मावशीने पाय सांगितला, डॉक्टर सांगितले, शेजारणीचा स्वभाव सांगितला. वकील मधूनच "अरेरे" म्हणत होता, आणि योग्य जागी म्हणत होता. मावशीचा चेहरा हळूहळू सैल पडला.

दंतवैद्य मनातून खूश झाला. प्रतिस्पर्धी म्हातारीच्या बडबडीत पुरता अडकला, आता हीच वेळ!

"फोन येतोय. आत रेंज नाही," असं म्हणून तो उठला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. बायकोने त्याला जाताना बघितलं. तिला वाटलं, बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं असेल.

शेडमध्ये शिरताच त्याने खिशातून आरसा काढला. ताडपत्री उचलून तो गुडघ्यांवर आत रांगला. आहाहा! नाकापासून शेपटीपर्यंत त्याच्या दवाखान्याहून लांब. फिकट हिरवा रंग. पंख जसेच्या तसे, काचा शाबूत. बुडाला गंजाचा ठिपका नाही. कोणीतरी तिला पोटच्या पोरीसारखं जपलं होतं. त्याने कॅप्टनना व्हिडिओ लावला, उघड्या दाराच्या फटीत आरसा घातला आणि एकेक आकडा वाचायला लागला. शेवटच्या आकड्याला पलीकडून आरोळी आली.

"डॉक्टर! अहो ही ती हॉटेलवाली! बेपत्ता!"

मंडळात बेपत्ता गाड्या पुष्कळ होत्या, पण हॉटेलवाली म्हटलं की सगळे गप्प होत. एका मोठ्या हॉटेलने पाहुण्यांसाठी आणवलेली ही हिरवी गाडी हॉटेल बुडालं तेव्हा लिलावात गेली आणि तिथून नाहीशी झाली. तिच्यासाठी दंतवैद्याने कुठकुठल्या देशांतल्या गॅरेजवाल्यांना पत्रं पाठवली होती. आता त्याला हसावं की रडावं ते कळेना.

"पण डॉक्टर, म्हातारीला पटवलंत कसं?" कॅप्टननी विचारलं.

"पटवायचं काय त्यात!" दंतवैद्य आनंदाच्या भरात ओरडलाच. "मावशी न् भेट न् समेट, सगळं निमित्त हो! गाडी नसती तर त्या बाईचं तोंड बघायला मी कशाला तडफडलो असतो? बायको तर समजतेय, मी तिच्यासाठीच आलोय!"

इतकं बोलून तो वळला, तेव्हा ताडपत्रीच्या कडेखालून त्याला एक काठी दिसली. काठीशेजारी वकिलाचे पॉलिश केलेले बूट होते. त्यांच्या शेजारी बायकोच्या चपला. दंतवैद्याच्या हातून फोन धुळीत पालथा पडला आणि कॅप्टन बंद झाले.

घडलं होतं ते अगदी साधं. मन लावून ऐकणारा माणूस भेटला म्हणून मावशी खुलली आणि म्हणाली, "चला, तुम्हाला आमच्या घरातली एक जुनी वस्तू दाखवते." दंतवैद्य आणखी पाच मिनिटं खुर्चीत बसता, तर तिने त्यालाही हात धरून आणलं असतं.

"बाहेर ये रे," मावशी म्हणाली.

"राहू दे गं त्याला," बायकोचा आवाज आला. "आवडीच्या ठिकाणी आहे तो."

दंतवैद्य बाहेर आला. इस्त्रीच्या शर्टावर तेलाचे डाग होते, केसांत जळमटं होती. "अगं, तसं नाही. मी ते... कॅप्टनना बरं वाटावं म्हणून..."

"याला मी सांगितलं होतं," मावशी त्याच्याकडे न बघता भाचीला म्हणाली. "पहिल्यांदा घरी आला, तेव्हाच. तुझ्या आईला रात्री कळा सुरू झाल्या, तुझे काका गावाला गेलेले, मी त्यांनी लिलावात घेतलेली ही गाडी काढली. हॉस्पिटलच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद. मागच्या सीटवर तू जन्मलीस, माझ्या हातांत. सगळं सांगितलं याला. म्हटलं, गाडी अजून आहे, बघायचीय का? तर हा म्हणाला, 'हो का? छान.' आणि खिडकीबाहेर बघत राहिला."

"खिडकीबाहेर काय होतं?" वकिलाने विचारलं. उलटतपासणी रक्तातच, त्याला तो तरी काय करणार!

"शेजाऱ्यांकडे कोणाची तरी मोटार आली होती."

"ती छोटी होती," दंतवैद्य पटकन म्हणाला. "निळी. दोन दारांची. पासष्टचं मॉडेल."

आपण काय बोलून बसलो ते दंतवैद्याला कळायला जरा वेळ लागला.

"मीसुद्धा तुला सांगितलंय," बायको म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "लग्नानंतर तीनदा तरी. मावशीच्या जुन्या मोटारीत जन्मले म्हणून घरात मला सगळे चिडवायचे, हे पण सांगितलंय. तू जगभर पत्रं पाठवत होतास, आणि मी तुझ्या शेजारी बसून जेवत होते."

"काखेत कळसा..." वकील पुटपुटला, पण पुढचं त्याने शहाणपणाने गिळलं.

मग बायको मावशीकडे वळली. "मावशी, तू म्हणत होतीस तेच खरं होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी मावशी अकरा वर्षं थांबली होती. आरशासमोर उभी राहून त्याला काय उत्तर द्यायचं याची तिने तयारीही केली असेल. पण प्रत्यक्षात तिने काठी वकिलाच्या हातात दिली आणि भाचीला जवळ घेतलं. दोघी रडल्या. मग मावशी म्हणाली, "माझा पाय मोडला तेव्हा छान म्हणाला गं!" आणि दोघी रडता रडता हसायला लागल्या. "अगं, आमची मोरी तुंबली तेव्हाही छानच म्हणाला होता," बायको म्हणाली. दंतवैद्याच्या एकेका करामतीची उजळणी झाली. समेट घडवून आणण्याचं श्रेय त्याला सासरच्या मंडळींनी आधीच दिलं होतं, आणि खोटं काय सांगावं, ते अगदी बरोबर निघालं.

"चालू आहे का हो ही?" वकिलाने अदबीने विचारलं.

"नसायला काय झालं? मेकॅनिक येतो, मी फिरवून आणायला लावते." मावशीने कमरेची किल्ली काढून भाचीच्या हातात ठेवली. "घे. मी शिकवलंय, विसरली नसशील. चल, फाटकापर्यंत जाऊन येऊ. आता तिथे पूल झालाय."

"मी येऊ का मागे?" वकील म्हणाला.

"या की. तुम्ही ऐकून घेता."

गाडीने एक खोकला काढला, दुसरा काढला आणि घरघरत्या आवाजात सुरू झाली. दंतवैद्य पुढे झाला. खिडकीची काच खाली होती.

"अगं, मी पण..."

"तुझी गाडी अंगणाच्या फाटकात आडवी आहे," बायको समोर बघत म्हणाली. "तेवढी काढ."

त्याने निमूटपणे जाऊन आपली छोटी गाडी बाजूला घेतली. हिरवी गाडी त्याच्यासमोरून गेली. जायला बराच वेळ लागला, कारण ती खरोखरच फार लांब होती. मागच्या सीटवरून वकिलाने हात हलवला. पुढच्या सीटवर दोघी एकदमच बोलत होत्या आणि दोघींनाही एकमेकींचं ऐकू येत होतं.

दंतवैद्य रिकाम्या शेडमध्ये परत आला. एरवी त्याने जमिनीवरचे तेलाचे डाग न्याहाळले असते. आज तो उलट्या घमेल्यावर नुसता बसून राहिला. धुळीत पडलेला फोन वाजायला लागला.

"डॉक्टर, तोंड गोड करा!" कॅप्टन गरजले. "गाडी हयात! आता नियमाप्रमाणे शोध वकिलांच्या नावावर लागतो, कारण मालकिणीने स्वतः त्यांना दाखवली. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"नाही घेत," दंतवैद्य म्हणाला.

कॅप्टन जरा चपापले. असं उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. "बरं, वकिलांनी इतिहाससुद्धा कळवलाय, धावत्या गाडीतून. मागच्या सीटवर एका मुलीचा जन्म झाला म्हणे. काय सुंदर नोंद! पण पुढचं त्यांनी लिहिलं नाही, ते तुम्ही सांगा. त्या मुलीचं पुढे काय झालं? सध्या कुठे असते ती?"

दंतवैद्य उघड्या फाटकाकडे बघत राहिला. रस्त्यावर धूळ अजून खाली बसली नव्हती.

"आज सकाळपर्यंत," तो म्हणाला, "माझ्याकडे होती हो."